वासाची झडती

डोंगरातल्या नारिन गावात दोन बायका भेटल्या की गालाला गाल लावतात आणि “बरी आहेस ना, मुलं बरी ना, गुरंढोरं बरी ना” असं विचारून उत्तराची वाट न बघता पुढे जातात. बुरुल्चा मात्र थांबायची. तिचा गाल एकदा समोरचीच्या गालाला टेकला की मुक्कामालाच राहायचा, आणि तेवढ्यात नाक कानामागून केसांत, केसांतून कॉलरीत एक फेरी मारून यायचं.

“ही माया नव्हे गं, ही झडती आहे,” तिच्या वाद्यताफ्यातली दारिका म्हणायची. “मॉस्कोच्या विमानतळावरही माझी एवढी झडती घेतली नव्हती. आणि तिथे तर माझ्या पिशवीत खरंच चुचुक, म्हणजे घोड्याच्या मांसाचं सॉसेज होतं.”

दारिका हसत बोलायची, पण बोलता बोलता शाल मानेभोवती घट्ट ओढून घ्यायची. तेवढ्यावरून बुरुल्चाला तिचाही संशय आला होता. तसा तो सगळ्यांचाच आला होता. एक उल्कान आपा सोडून.

मॉस्कोला जाण्याआधी बुरुल्चाचं नाक चारचौघींसारखं होतं. तिथे एका भल्यामोठ्या दुकानाच्या तळघरातली संडास-बाथरुमं ती वर्षानुवर्षं धूत होती. फिनेलच्या एका बाटलीवर ‘समुद्राची झुळूक’ लिहिलेलं असे, दुसरीवर ‘डोंगरातली सकाळ’. बुरुल्चा डोंगरातूनच आलेली. सकाळ अशी नसते हे तिला माहीत होतं, पण तिला कोणी विचारलं नाही. एक दिवस झुळूक आणि सकाळ यांच्या मधोमध ती फरशीवर पडली. तेव्हापासून कुठलाही विकतचा सुवास जवळ आला की घशात कोणी लोकरीचा नमदा कोंबल्यासारखं व्हायचं, डोकं शिकंज्यात जायचं, आणि ओठांवर आलेलं वाक्य अर्ध्यातच हरवायचं.

नारिनच्या डॉक्टरांनी ‘नसा’ एवढंच सांगितलं. बिश्केकच्या डॉक्टरीणबाईंनी अत्तर इतकं छान लावलं होतं, की बुरुल्चाला आपलं दुखणं वर्णन करून सांगावं लागलं नाही, जागच्या जागी दाखवता आलं. बाईंनी ते नीट पाहिलं आणि लग्न करायचा सल्ला दिला.

मग एकेक दार बंद होत गेलं. बाजार सुटला, कारण तिथे साबणवाले आणि मसालेवाले शेजारी शेजारी. मिनीबस सुटली, कारण ड्रायव्हरच्या आरशाला प्लॅस्टिकचं सुगंधी झाड लटकलेलं. लग्नं सुटली, बारशी सुटली. उरली फक्त एक खोली, सांस्कृतिक भवनाच्या दुसऱ्या मजल्यावरची. तिथे बायकांचा कोमुझ-ताफा तालमी करायचा. तीन तारांचा तो कोमुझ मांडीवर घेतला की बुरुल्चाची बोटं मॉस्को विसरायची. ही खोली गेली, की मग घर. आणि घरी बोलायला फक्त भिंत. भिंतीचाही रंग तिने स्वतःच खरवडून काढला होता, वास येत होता म्हणून.

ताफ्याचे प्रमुख जुमादिल अगाय हे न्यायी गृहस्थ होते, म्हणजे दोन्ही बाजूंना मान डोलावायचे. बुरुल्चा पहिल्यांदा तालमीतून खोकत उठून गेली, तेव्हा त्यांनी सगळ्यांना बसवलं आणि जाहीर केलं, की यापुढे या खोलीत वास बंद.

“म्हणजे आम्ही घाण वास मारतो?” चिनाराने विचारलं. ती ताफ्याची गायिका. तिची लेक दुबईला, त्यामुळे ती खोलीत शिरण्याआधी तिचं अत्तर शिरायचं.

“नाही, नाही. तुम्ही चांगला वास मारता,” अगाय म्हणाले. “तोच नको.”

“मग घाण मारलेला चालेल?”

“घाणीबद्दल तक्रार आलेली नाही.”

“आणि माझा बाम?” दारिका म्हणाली. “गुडघ्याला बाम नसला तर मी खाली बसेन, पण उठणार कोण?”

“उचलू,” अगाय म्हणाले.

कुरकुरत का होईना, सगळ्यांनी ऐकलं. दारिकाचा बाम गेला. तिचे गुडघे आता तालावर वाजायला लागले. खुद्द अगायनी सोव्हिएत काळापासूनचं कलोन सोडलं. बाटली टेबलाच्या खणात ठेवली होती, पण फक्त आठवण म्हणून, झाकण घट्ट लावून. चिनाराने हात वर करून सांगितलं, की दुबईचं सगळं तिने जावेला देऊन टाकलं. एवढं झाल्यावर बुरुल्चाला मोकळा श्वास यायला हवा होता.

तो आला नाही. खोलीत पाऊल टाकलं की पाच-दहा मिनिटांत घसा आवळायचा. खिडकी उघडायची सोय नव्हती. नारिनच्या हिवाळ्यात खिडक्यांच्या फटींना कागदाच्या पट्ट्या चिकटवतात, त्या थेट वसंतात सुटतात. शिवाय कोमुझ जर्दाळूच्या लाकडाचा, गारठा लागला की तडकतो. बुरुल्चा तोंडावर रुमाल धरून जिन्यात पळायची, आणि आतून अगायचा सुस्कारा ऐकू यायचा.

शेवटी ते म्हणालेच, “बुरुल्चा, नूरुझच्या सणाला चौकात कार्यक्रम आहे. मधेच पळणारा कोमुझ मी कसा बसवू? आता आणखी एकदा उठलीस, तर तुझ्या जागी दुसरी बघावी लागेल. मला वाईट वाटेल.” आणि दोन्ही बाजूंना मान डोलावली.

म्हणजे कोणीतरी फसवत होतं. प्रश्न एवढाच, कोण?

बुरुल्चाकडे एक धागा होता, आणि तो तिने कोणाला सांगितला नव्हता. ज्या ज्या दिवशी घसा आवळायचा, त्या त्या दिवशी खोलीत आर्चा या डोंगरी झाडाचा धूर दिलेला असायचा. आर्चाची वाळकी डहाळी पेटवून तिचा धूर घरभर फिरवला की नजर जाते, रोग जातो, जिन जातो, आणि कधी कधी पाहुणेही जातात. धूर देणं हे उल्कान आपाचं काम. ती पूर्वी भवनाचे पोशाख सांभाळायची. निवृत्त झाली तेव्हा पोशाख सोडले, खोलीची किल्ली सोडली नाही. सगळ्यांच्या आधी येऊन दार उघडायची. सगळ्या गावाची ती आपा, म्हणजे आई. तिच्या पुढ्यात बुरुल्चाही लहान मूल.

“आपा, आज धूर दिलात?”

“दिला ना, लेकी.”

“का दिलात?”

“लागतो म्हणून.”

“कशासाठी लागतो?”

“अगं, लागतो!” असं म्हणून आपा तोंड फिरवायची.

यावरून बुरुल्चाने जे ताडलं ते असं : आपाच्या नाकाला खोलीत काहीतरी लागतंय. ती बोलत नाही. थोरली माणसं बोलत नाहीत, धूर देतात. म्हणजे कोणीतरी अत्तर लावून येतं आणि आपा ते आर्चाने झाकते. आता आपा कोणाचं झाकेल? तर आपल्या माणसाचं. आणि चिनारा ही आपाची सख्खी भाची!

हा तर्क इतका चोख होता, की घरी गेल्यावर बुरुल्चाने त्या आनंदात, आणि दिवसभराचं विष अंगातून जावं म्हणून, रोजच्यासारखी तव्यावर आर्चाची डहाळी पेटवली आणि चारी कोपऱ्यांत धूर फिरवला. मग उजाडेपर्यंत खोकत बसली. मॉस्को अजून निघतंय, ती मनाशी म्हणाली.

त्याच आठवड्यात पुरावाही मिळाला. कोचकोरला कोणाच्या तरी वर्षश्राद्धाचं मोठं जेवण होतं, घोडा कापला होता. आपा आणि चिनारा दोघी तिकडे गेल्या. दार अगायनी उघडलं. खोलीत धूर नाही, काही नाही. बुरुल्चा पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत बसली. एकदाही खोकली नाही. दारिकाच्या गुडघ्यांचा ताल सोडला तर तालीम उत्तम झाली.

“बघितलंत, अगाय?” ती म्हणाली. “आज कोण नव्हतं?”

“आपा नव्हती.”

“आणि?”

“आणि चिनारा.” अगायचा चेहरा पडला. “पण तिने तर हात वर करून सांगितलं होतं.”

“हात वर केला, अगाय. मान कुठे उघडी केली?”

आपावर संशय घ्यावा हे दोघांच्या मनातही आलं नाही. सूर्यावर कोणी सर्दीचा आळ घेतं का?

चिनारा परत आली त्या दिवशी बुरुल्चा मुद्दाम जरा उशिरा गेली. ओळीने खुंट्यांवर कोट टांगलेले होते. चिनाराचा कोल्ह्याच्या कॉलरीचा कोट ओळखीचा. बुरुल्चाने इकडेतिकडे पाहिलं आणि त्या कोल्ह्यात नाक खुपसलं. कोल्ह्याचा वास आला. मटणाच्या रश्शाचा आला. आणखी खोल गेली, तर मेंढीच्या चरबीचा.

“सापडलं?” मागून चिनाराने विचारलं.

बुरुल्चा वळली. नाकाला कोल्ह्याचे दोन केस.

“सगळ्या या!” चिनाराने हाक मारली, आणि गायिका असल्यामुळे ती तीनही मजल्यांना ऐकू गेली. “या, तमाशा बघा! ही माझा कोट हुंगतेय. कुत्र्याला सुद्धा आधी ओळख करून द्यावी लागते!”

“तू लावून येतेस,” बुरुल्चा म्हणाली. आता माघार नव्हती. “तू नव्हतीस त्या दिवशी मला काही झालं नाही. तूच लावतेस, आणि आपा बिचारी तुझ्यासाठी धूर देते.”

चिनाराने डोक्यावरचा रुमाल फर्रकन ओढून काढला. तिचे ते रेशमासारखे केस मेंढीच्या पाठीसारखे झाले होते.

“कपड्यांचा साबण!” ती म्हणाली. “तपकिरी, चौकोनी, कपड्यांचा साबण! शरदापासून त्यानेच न्हातेय. तुझ्यासाठी! नवरा म्हणतो, अंथरुणात लोकर कुठून आली? ये, हुंग. ये ना! आता गाल लावून चोरून नको, सगळ्यांसमोर हुंग.”

बुरुल्चा पुढे झाली आणि हुंगलं. साबण, रस्सा आणि एक संतापलेली बाई, याखेरीज तिथे कशाचाही वास नव्हता.

“मग कोण?” ती पुटपुटली.

“खोलीत भांडण शिरलं,” कोपऱ्यातून उल्कान आपा म्हणाली. “म्हणूनच ना मी रोज धूर देते. ही पोर रोज गुदमरते, मी दुसऱ्या दिवशी आणखी एक डहाळी वाढवते, आणि तरी जात नाही ते. बस, बुरुल्चा. आज तुझ्या डोक्यावरूनच उतरवते.”

आणि तिने लोखंडी पळीत डहाळी पेटवली. निळा, जाड धूर वर आला. आपा तो बुरुल्चाच्या डोक्याभोवती फिरवत म्हणू लागली, “अलास, अलास, सगळ्या बलांपासून सुटका...”

पहिल्या फेरीला बुरुल्चाचे डोळे भरून आले. सगळ्यांना वाटलं, भक्तीने. दुसऱ्या फेरीला ती लाल झाली. तिसऱ्या फेरीला कोमुझ चिनाराच्या हातात कोंबून ती दाराबाहेर होती.

सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं, मग पळीकडे.

“नाही,” अगाय म्हणाले. “आर्चा म्हणजे वास नव्हे. आर्चा म्हणजे आर्चा.”

“अगाय, ती आर्चामुळेच पळाली,” चिनारा म्हणाली.

“तेच तर म्हणतेय मी,” दारिकाचा आवाज एकदम खाली आला. “आर्चाच्या धुराने पळून जातं ते काय असतं, ठाऊक आहे ना सगळ्यांना?”

ठाऊक होतं. माणूस आर्चापासून पळत नाही. दारिका बुरुल्चाच्या शेजारच्या खुर्चीवरून उठली आणि दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसली. गुडघ्यांनी तक्रार केली, पण या वेळी तिने ऐकलं नाही.

बाहेर जिन्यातल्या, पट्ट्या न लावलेल्या उघड्या खिडकीपाशी बुरुल्चा बर्फासारखी हवा घोटाघोटाने पीत होती. दार जाड नव्हतं, तिला सगळं ऐकू आलं. पण दारिकाच्या बोलण्यापेक्षा जास्त आवाज तिच्या डोक्यात एका तव्याचा होता. घरचा तवा. रोज संध्याकाळी, चारी कोपऱ्यांत, स्वतःच्या हाताने. एवढ्या लोकांच्या माना हुंगल्या तिने, आणि आपल्या तव्याला एकदाही विचारलं नाही.

दार उघडलं. आपा आली. हातात अजून धुमसणारी पळी.

“ती बाहेर ठेवा, आपा. पाया पडते.”

आपाने पळी खिडकीच्या कट्ट्यावरच्या बर्फात खुपसली. चर्रर्र झालं. मग तिने बुरुल्चाकडे डोळे बारीक करून पाहिलं. आजवर बुरुल्चा लोकांकडे अशी बघायची. आपल्याकडे कोणी असं बघितलं की कसं वाटतं हे तिला आज कळलं.

“माझ्या आर्चाला तू मॉस्कोचा फिनेल ठरवतेस?”

“मी नाही, आपा. माझा घसा ठरवतो.”

“घशाला सांग, थोरल्यांपुढे बोलू नये.”

“सांगून बघितलं. ऐकत नाही.”

आपाने खिशातून पावाचा तुकडा काढला, त्यावर मीठ टाकलं आणि पुढे केला. “खा.”

बुरुल्चाने खाल्लं.

“अल्लाचं नाव घे.”

घेतलं.

आपाने कमरेची लोखंडी किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली आणि चेहऱ्यात काय बदल होतो ते टक लावून पाहिलं; मीठ, अल्लाचं नाव आणि लोखंड जिनाला सोसत नाहीत म्हणतात. काही झालं नाही. फक्त किल्ली गार होती म्हणून बुरुल्चाने हात बदलला.

“हं,” आपा म्हणाली. तिच्या सुरात थोडी निराशाच होती. “आत चल.”

“नको, आपा. आता गेले आणि परत खोकले तर माझी जागा गेली. त्यात त्या म्हणतात माझ्यात—”

“त्या म्हणतात! जिन म्हणजे काय ते त्या मला शिकवणार? चल. आधी दोन्ही दारं उघडते. कोमुझ तडकला तर माझ्या नावावर.”

दारं उघडली, धूर ओसरला, सगळ्या कोट घालून बसल्या. आपा मधोमध उभी राहिली.

“ऐका. मी आयुष्यभर जिन हाकलत आलेय. पोशाखांतून हाकलले, नटांतून हाकलले, एका संचालकातून हाकलला. जिन आर्चाने पळाला की पळाला. तो दुसऱ्या दिवशी परत येऊन कोमुझ जुळवायला बसत नाही. ही पोर पूर्ण हिवाळाभर पळतेय आणि परत येतेय. एवढी चिकाटी जिनाकडे नसते.”

“मग काय आहे तिच्यात?” दारिकाने दोन खुर्च्या पलीकडून विचारलं.

“घसा आहे. तुझ्यात गुडघे आहेत, तसा.”

“पण आपा, आर्चा!” अगाय कळवळून म्हणाले. “बाहेर लोक काय म्हणतील? नूरुझला धूर नाही द्यायचा? पूर्वज—”

“नूरुझला चौकात देईन. चौकाला छप्पर नाही. धूर बाहेर, लेकी आत. पूर्वजांना मी बघून घेते, माझंच जाणं जवळ आलंय. युद्धाच्या दिवसांत गुरांमागे रानात जायला माणूस नव्हतं, आर्चा कोण आणणार? तेव्हा माझी आई पाण्याने उतरवायची. आम्ही काय जिनांनी भरलेले वाढलो?”

यावर अगायनी दोन्ही बाजूंना मान डोलावली, आणि पहिल्यांदाच दोन्ही बाजूंना एकच बाजू होती. थोरल्या माणसाने निकाल दिला होता. आता त्यांना काही ठरवावं लागणार नव्हतं. त्यांना इतकं हलकं वाटलं, की त्यांनी टेबलाचा खण उघडून कलोनची बाटली काढली आणि ती बाहेर, आपल्या गाडीत ठेवून आले.

“वा, अगाय! म्हणजे ती इतके दिवस इथेच होती?” चिनारा म्हणाली.

“झाकण लावलेली होती!”

“तुमच्या झाकणासाठी मी माझे केस घालवले,” ती म्हणाली, आणि बुरुल्चाचा कोमुझ तिच्या मांडीवर आणून ठेवला. जरा जोरातच ठेवला. “कोट हुंगलास त्याचं मी विसरणार नाही. नूरुझला माझी वेणी तू घालायचीस. या लोकरीची. कशी घालायची ते तुझं तू बघ.”

“घालेन, चिनारा.”

“आणि गाल लावायला येऊ नकोस.”

दारिका उठली. एक खुर्ची जवळ सरकली. दुसरी तिने राखून ठेवली. पाण्याचं काय होतं ते बघून मग, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

आपा वाडगाभर पाणी घेऊन आली. बुरुल्चाच्या डोक्याभोवती ते सावकाश फिरवलं, एकदा, दोनदा, तीनदा, आणि तेच शब्द म्हणाली, “अलास, अलास.” सगळ्यांनी श्वास रोखून धरला होता. बुरुल्चाने मात्र घेतला. घसा गप्प होता. अगायनी हात उचलला आणि तालीम सुरू झाली. ती संपेपर्यंत दाराकडे कोणी गेलं नाही. शेवटचा सूर विरला तेव्हा दारिका शेजारच्या खुर्चीवर होती.

“नूरुझला दुसऱ्या ओळीत, डावीकडून पहिली,” अगाय बुरुल्चाला म्हणाले.

सगळ्या कोट चढवून निघाल्या. बुरुल्चा जरा मागे राहिली. पाण्याचा वाडगा खिडकीपाशी ठेवलेला होता. तिने दाराकडे पाहिलं, कोणी बघत नव्हतं, आणि हळूच वाकून नाक पाण्याजवळ नेलं.

“काय गं?” आपा दारातूनच म्हणाली.

“काही नाही, आपा. वास नाही.”

“मग?”

“तेच बघत होते,” बुरुल्चा म्हणाली, आणि खात्री करून घ्यायला पुन्हा एकदा वाकली.